चालता कॉम्प्युटर मोडीत काढायचा काय?



आपल्या घरांतून कॉम्प्युटर आला तो सहजासहजी आलेला नाही. कोणी दिवाळीच्या बोनसातून घेतला, कोणी आईच्या भिशीचा नंबर लागला तेव्हा घेतला, तर कोणी बचत गटाचे कर्ज काढून मुलीच्या बारावीनंतर घेतला. बहुतेकांनी तर नवा घेतलाच नाही. एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेले आणि बाजारात दुरुस्त होऊन आलेले यंत्र घेतले. त्याच यंत्रावर मुलांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, टाळेबंदीच्या काळात वर्ग केले, नोकरीसाठी बायोडाटा तयार केले. आता दुकानदार सांगतो, "हे मशीन संपले. यात नवीन विंडोज बसत नाही. नवे घ्या."

यावर आमच्याकडे वाचकांची विचारणा होते ती अशी : यंत्र तर चालते आहे, मग ते संपले कसे? आणि 'लिनक्स' नावाची फुकट सिस्टिम टाकली की जुने यंत्र वाचते असे मुले म्हणतात, ते खरे काय? आज या प्रश्नाचा विचार करू. आम्ही कोणत्याही कंपनीचे वकील नाही आणि लिनक्सचे भक्तही नाही. कष्टाच्या पैशाने घेतलेली वस्तू फेकायची की ठेवायची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मुदत यंत्राची की सिस्टिमची?

प्रथम एक गैरसमज दूर करू. कॉम्प्युटरमध्ये दोन गोष्टी असतात. एक हाताला लागणारे यंत्र, आणि दुसरी त्या यंत्राकडून काम करवून घेणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यांच्या घरात गिरणीचा पगार आला आहे त्यांना हे लगेच कळेल. खात्यात यंत्रे असत, कामगार असत. पण कोणी कुठल्या साच्यावर उभे राहायचे हे जॉबर ठरवी. सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरमधला जॉबर. कळफलक, पडदा, प्रिंटर, इंटरनेट, सगळ्यांना कामाला लावणारी तीच.

'विंडोज १०' ही अशी एक सिस्टिम मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी आणली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची ठरलेली मुदत संपली. याचा अर्थ त्या दिवशी यंत्रे बंद पडली असा नव्हे. सिस्टिममध्ये वेळोवेळी उणिवा सापडतात, आणि चोरांना त्या वाटेने आत शिरता येते. त्या वाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या कंपनी विनामूल्य पाठवीत असे. ते पाठवणे थांबले. घर तेच, दार तेच. पण कडी तुटली तर नवी कडी बसवायला आता कोणी येणार नाही, असा हा प्रकार आहे.

ही भीती पोकळ नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. त्याने कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. गंमत अशी की त्या उणिवेवरची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांची सिस्टिमच मुदतबाह्य होती, ते सापडले.

मग विंडोज ११ का घालू नये? अवश्य घालावी, यंत्रात बसत असेल तर. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्यासाठी कंपनीने अटी घातल्या. यंत्रात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. तेव्हा २०१४, २०१५, २०१६ सालचे, कार्यालयांतून निघून आपल्या घरी आलेले कॉम्प्युटर चांगले चालत असूनही यादीबाहेर पडले. दुकानदार 'संपले' म्हणतो ते या अर्थाने. यंत्राची मुदत यंत्राने ठरवली नाही, ती दुसऱ्या कोणी ठरवली, हे आधी नीट समजून घ्यावे.

घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून सेटिंग्जची नक्कल त्यांच्याकडे ठेवली तर तिला पैसे पडत नाहीत, अशी योजना होती. विचार करायला वेळ मिळावा एवढाच तिचा उपयोग. ते काही कायमचे उत्तर नव्हे.

मोफत आणि मुक्त

आता लिनक्सकडे वळू. शिंप्याकडून आपण शर्ट शिवून आणतो. शर्ट मिळतो, पण कापडावर ठेवून कापण्याचा कागद शिंपी आपल्याजवळच ठेवतो. बहुतेक कंपन्यांचे सॉफ्टवेअर असे असते. आता असा एक शिंपी समजा की जो शर्टाबरोबर कागदही देतो आणि सांगतो, "हा कागद वाचा, शिका. कंबर घट्ट होत असेल तर बदला. शेजारणीला द्या. अट एकच : तुम्ही बदललेला शर्ट दुसऱ्याला द्याल तेव्हा बदललेला कागदही द्या." ओपन सोर्स, म्हणजे मुक्त स्रोत, याचा हाच मथितार्थ.

हा विचार नियमात बांधला तो अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि पुढे वर सांगितलेल्या अटीचा परवाना तयार केला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी ती त्या परवान्याखाली आली. तिचे नाव लिनक्स. तेव्हापासून जगभरचे लोक तिच्यात भर घालीत आले आहेत. काही हौसेने, तर पुष्कळसे मोठ्या कंपन्यांच्या पगारावर. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट ही तिचीच निरनिराळी रूपे.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत, त्यामुळे त्यांचा गोंधळ होतो. आपल्या मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. रेशनचा मोफत तांदूळ हा मोफत असतो. तो कसा, किती, कुठला, हे ठरवणारा वेगळा असतो. मुक्त गोष्टीत ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे येतो. लिनक्स बहुधा मोफत मिळते, पण तिचे खरे मोल ती मुक्त आहे यात आहे. दहा वर्षांनी एखाद्या कंपनीने "आता पुरे" म्हटले तरी कागद लोकांच्या हातात असतो.

"आमच्याच पोरांना हे का?"

आमच्या भागातल्या अभ्यासिकेत चार जुने कॉम्प्युटर आहेत. चारही विंडोज १० वरचे, चारही नव्या यादीबाहेरचे. त्यांचे काय करायचे यासाठी बैठक घेतली तेव्हा मुलांनी लिनक्सचे नाव सुचवले. खर्च शून्य, म्हणून बरेच जण लगेच तयार झाले. तेवढ्यात एक ताई उभ्या राहिल्या. त्या मोठ्या इमारतींतून घरकाम करतात. त्या म्हणाल्या, "मी ज्या घरी काम करते तिथल्या पोराच्या कॉम्प्युटरवर हे नाही. मग आमच्याच पोरांना हे का? फुकटचं म्हणून?"

बैठक शांत झाली. कारण हा प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हता. उतरलेले कपडे, वापरलेली पुस्तके, उरलेल्या जागा, हे सगळे ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याला "ताई, तुम्हांला त्यातलं कळत नाही" हे उत्तर होऊ शकत नाही. आम्ही त्यांना दिलेले उत्तर इथे सविस्तर देतो, कारण तो प्रश्न अनेक घरांतून विचारला जाणार आहे.

लिनक्स ही गरिबाची म्हणून केलेली हलकी सिस्टिम नाही. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. ताईंच्या हातात होता तोही. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत पाचशेच्या पाचशे लिनक्सवर होते. आपल्या देशात पुण्याला मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय सिस्टिम आणली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. आणि २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांत ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे असे धोरणच जाहीर केले.

केरळचे उदाहरण तर घराघरातल्या आयांना सांगण्यासारखे आहे. त्या राज्याने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी व अनुदानित शाळांतले कॉम्प्युटर शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथे दहावीची आयटीची परीक्षासुद्धा त्यावर होते. अधिकाऱ्याचे मूल आणि मजुराचे मूल त्या शाळेत एकाच सिस्टिमवर शिकते. तिथे हे कोणाला उतरलेले कपडे वाटले नाहीत.

पण ताईंच्या म्हणण्यात दुसरी अर्धी गोष्टही होती आणि ती खरी होती. महाराष्ट्रात नोकरीच्या दारात उभे राहिल्यावर विचारतात ती विंडोज. एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमात विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात. दुकानांत, कचेऱ्यांत, हिशेबनिसाच्या टेबलावर तीच असते. तेव्हा घरी लिनक्स ठेवून मुलाला विंडोजपासून लांब ठेवणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय आणणे होय. मुलाला दोन्ही आले पाहिजे. दोन भाषा येणारा माणूस कमी शिकलेला ठरत नाही.

त्या बैठकीत शेवटी असे ठरले : तीन यंत्रांवर लिनक्स घालायची, आणि एका यंत्रावर विंडोज राहू द्यायची, पण त्या यंत्राची इंटरनेटची वायर काढून ठेवायची. त्यावर टंकलेखनाचा आणि ऑफिसचा सराव करायचा. बाहेरचे वारे आत येत नाही, त्यामुळे जोखीम पुष्कळ कमी. पेन ड्राइव्ह मात्र तपासल्याशिवाय लावायचा नाही.

अनुभव काय आला? मुले आठवड्याभरात सरावली. 'स्टार्ट'चे बटण कुठे आणि फायली कुठे, एवढेच त्यांना शोधावे लागले. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या दोन निवृत्त काकांना अक्षर मोठे करून दिले, ते खूष झाले. प्रिंटरने मात्र दोन आठवडे दाद दिली नाही. आणि एका मुलीने बनवलेला बायोडाटा सायबर कॅफेत उघडला तेव्हा त्यातले रकाने इकडचे तिकडे झाले. तेव्हापासून अभ्यासिकेच्या भिंतीवर कागद लावला आहे : 'बाहेर पाठवायची फाइल पीडीएफ करूनच पाठवावी.'

कोणी बदलावे, कोणी थांबावे

आमचे स्पष्ट मत असे की बदलायचे की नाही हे किमतीवर ठरवू नये आणि अभिमानावरही ठरवू नये. त्या यंत्रापुढे कोण बसते आणि कोणत्या कामासाठी बसते, यावर ठरवावे.

घरात कॉम्प्युटरचा उपयोग इंटरनेट पाहणे, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ, पत्रव्यवहार, साधा हिशेब आणि अर्ज भरणे एवढाच असेल, तर लिनक्सवर काही अडत नाही. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो की लोकसेवा आयोगाचा, तो ब्राउझरमधून भरला जातो. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिबर ऑफिस आहे, ते वर्ड-एक्सेलच्या फायली उघडते. मराठी लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात मिळतो, युनिकोडचे फाँटही मिळतात. अशा घरांनी नव्या यंत्राचा खर्च करण्यापूर्वी लिनक्स करून पाहावी.

परंतु घरातले कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल, तर थांबावे. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. कोणी पत्रिका-बॅनरचे काम कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपमध्ये करीत असेल, जुन्या श्रीलिपीच्या फाँटमध्ये छापखान्याचे काम घेत असेल, तर त्याची रोजी त्या प्रोग्रामवर आहे. लिनक्सवर इंकस्केप आणि गिम्प आहेत, चांगलेही आहेत. पण गिऱ्हाइकाची कोरलची फाइल जशीच्या तशी उघडली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. अंगठ्याचे यंत्र लावून सेवा केंद्र चालवणाऱ्याने त्या यंत्राची लिनक्सवरची सोय आधी लेखी विचारून घ्यावी. जी मुलगी सरकारी टंकलेखन परीक्षेला बसणार आहे, तिच्या संस्थेत जे सॉफ्टवेअर आणि जो कळफलक आहे तोच तिला घरीही हवा. परीक्षा दोन महिन्यांवर असताना तिच्या बोटांची सवय मोडणारा बदल करणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिची परीक्षा होऊ द्यावी, मग पाहावे.

दोन्हींची गरज असेल तर एकाच यंत्रात दोन्ही सिस्टिम ठेवता येतात. यंत्र चालू करताना कोणती हवी ते विचारले जाते. मात्र हे काम जाणकाराच्या हातून करून घ्यावे, कारण हार्ड डिस्कचे भाग पाडताना चूक झाली तर सगळे पुसले जाते.

मोठमोठ्यांनाही हा निर्णय सोपा गेलेला नाही. जर्मनीतील म्युनिक शहराच्या महापालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० कॉम्प्युटर बदलले. २०१७ साली त्याच पालिकेने पुन्हा विंडोजवर जाण्याचा ठराव केला. बाहेरच्या कार्यालयांच्या फायली, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बदललेले राजकारण, अशी कारणे सांगितली गेली. याउलट केरळात ते टिकले, कारण तिथे आधी शिक्षक तयार केले. यातून आम्ही एवढाच बोध घेतो की सिस्टिम बदलणे एका दुपारचे काम आहे. टिकते ती शेजारी शिकवणारा माणूस असेल तर. आपल्या चाळीत, वस्तीत, नात्यात असा एक तरी मुलगा किंवा मुलगी आहे काय, हे पाहावे. नसेल तर आधी माणूस तयार करावा, मग यंत्र.

आधी चाखून पाहावे

लिनक्सची एक मोठी सोय अशी की ती न बसवता चालवून पाहता येते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवावी. ती साधारण तीन जीबीच्या वर किंवा आसपास असते, तेव्हा नेटपॅक पाहून उतरवावी. ती पेन ड्राइव्हवर चढवण्यासाठी रूफस नावाचा विनामूल्य प्रोग्राम मिळतो. चढवताना पेन ड्राइव्हमधले जुने सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. मग यंत्र चालू करताना ठरावीक बटण दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. सिस्टिम पेन ड्राइव्हवरूनच सुरू होते. 'इन्स्टॉल'चे बटण दाबले नाही तर आतल्या विंडोजला धक्का लागत नाही.

अशी ती चार-आठ दिवस चालवावी. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, प्रिंटर छापतो काय, मराठी अक्षरे नीट उमटतात काय, हे एकेक पाहावे. पेन ड्राइव्हवरून ती थोडी हळू चालते, त्यावरून मत बनवू नये. एचपीच्या अनेक प्रिंटरांसाठी कंपनीनेच लिनक्सची सोय करून ठेवली आहे. इतर काही प्रिंटर मात्र हट्टी असतात. ज्याचे पोट झेरॉक्स-प्रिंटवर आहे त्याने ही परीक्षा आधी घ्यावी.

यंत्र किती जुने चालेल? मिंटवाले किमान २ जीबी मेमरी सांगतात, पण सुखाने काम करायला ४ जीबी हवी. डिस्कवर किमान २० जीबी जागा आणि शक्य तर १०० जीबी. जुन्या यंत्राला मिंटची 'एक्सएफसीई' नावाची हलकी आवृत्ती बरी. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही : यंत्र मंद होण्याचे कारण पुष्कळदा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर तेच यंत्र, कोणत्याही सिस्टिमवर, कितीतरी हलके होते. नव्या कॉम्प्युटरच्या खर्चापुढे हा खर्च थोडका आहे.

कायमचे बसवण्यापूर्वी मात्र एक काम सक्तीचे समजावे. जातीचा दाखला, गुणपत्रिका, लग्नाचे आणि मयत वडीलधाऱ्यांचे फोटो, सगळे काही दोन ठिकाणी उतरवून घ्यावे. एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसरीकडे. उतरवलेल्या फायली उघडून पाहाव्यात. सॉफ्टवेअर पुन्हा मिळते, आजीचा एकुलता फोटो मिळत नाही. नवा पासवर्ड वहीत लिहून आईच्या कपाटात ठेवावा.

उघडे म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही कोणी समजू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात चोर शिरले आणि त्यांनी काही काळ खोटी, घातकी फाइल लोकांच्या गळ्यात मारली. म्हणून उतरवलेल्या फाइलची खूण, म्हणजे चेकसम, जुळवून पाहण्याची सवय ठेवावी. आणि फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्या ठगापासून जगातली कोणतीही सिस्टिम वाचवू शकत नाही.

ताठ मानेने

शेवटी एक नाजूक गोष्ट. आपल्या कित्येक घरांतली विंडोज ही परवान्याची नसतेच. जोडणी करणाऱ्याने ती टाकून दिलेली असते. ग्राहकाला विचारतो कोण? घरातल्या माणसांचा त्यात दोष नाही. पण अशी चोरटी प्रत चालू ठेवण्यासाठी जे 'ॲक्टिवेटर' नावाचे प्रोग्राम चालवतात, त्यांतूनच कित्येकदा उपद्रव आत शिरतो, आणि तो आपल्या बँकेच्या खात्यापर्यंत पोचतो. काहीतरी लपवून वापरतो आहोत ही टोचणी वेगळीच. परवान्याची विंडोज घेणे परवडत असेल आणि काम तिचेच असेल तर ती खुशाल घ्यावी, पावती जपून ठेवावी. परवडत नसेल तर लिनक्स हा चोरी न करता, कोणापुढे हात न पसरता, ताठ मानेने वापरण्याचा मार्ग आहे. त्याची प्रत शेजाऱ्याला दिली तर गुन्हा होत नाही; उलट ती द्यावी म्हणूनच ती बनली आहे.

तेव्हा दुकानदाराने 'संपले' म्हटले म्हणून घाईने कर्ज काढू नये, आणि पोराने 'फुकट आहे' म्हटले म्हणून एका रात्रीत सगळे पुसूही नये. घरातल्या सर्वांनी बसून, कॉम्प्युटर कधी न चालवणाऱ्या आईलाही बरोबर घेऊन, एकेकाला विचारावे : तुझे कोणते काम यावर चालते, आणि ते एक दिवस अडले तर किती नुकसान? उत्तरे कागदावर लिहावीत. कोणती सिस्टिम ठेवायची हे त्या कागदावरून बहुतेक घरांना आपसूक कळेल.

ज्या अभ्यासिकांनी, मंडळांनी किंवा कुटुंबांनी असा बदल केला असेल, त्यांनी काय अडले आणि ते कसे सुटले हे आम्हांला चार ओळी लिहून कळवावे. विशेषतः कोणत्या प्रिंटरने त्रास दिला आणि तो कोणत्या उपायाने चालू झाला, ते जरूर लिहावे. एकाची खटपट दहा घरांची वाचवील.